ढाबळीत मानमोडी आली तेव्हा

सकाळी कबुतरांच्या ढाबळीचं दार उघडायच्या आधी मी जाळीबाहेर थोडा वेळ नुसता उभा राहतो. दाण्याचा डबा जिन्यातच ठेवून येतो, कारण डब्याचा आवाज झाला की सगळी पाखरं एकदम खाली उतरतात आणि मग आजारी कोण, ठणठणीत कोण काही कळत नाही. कबुतर आजार लपवतं. उघड्यावर राहणारं पाखरू आहे, जे लंगडतंय, जे सुस्त बसलंय त्याच्यावरच ससाणा पडणार, त्यामुळे अंगात ताकद आहे तोवर ते चारचौघांसारखंच वागणार, आणि ज्या दिवशी ते कोपऱ्यात पिसं फुलवून डोळे मिटून बसलेलं तुम्हाला दिसतं त्या दिवशी आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून जे बघायचं ते दाण्याआधी बघायचं, ते बेसावध असताना.

आमची ढाबळ पुण्यात पेठेतल्या घराच्या टेरेसवर आहे. बहुतेक गिरेबाज, म्हणजे कोलांट्या घेत उडणारी, थोडे होमर, म्हणजे लांबून घरी परतणारी, आणि मुलीच्या हट्टाची पंख्यासारख्या शेपटीच्या लक्क्याची एक जोडी. २०२५ च्या श्रावणात ढाबळीत मानमोडी, म्हणजे पाखराची मान उलटी वळवणारा आजार, आला तेव्हा जे झालं ते सविस्तर लिहितोय कारण त्या वेळी मला मराठीत धड काही सापडलं नव्हतं, जो तो आपलं औषध सांगत होता आणि कुठलं खरं ते कळत नव्हतं.

पहिली खूण पाखरात दिसलीच नाही, फळीवर दिसली. प्रत्येक पाखराची बसायची जागा ठरलेली असते, रात्री तिथेच बसणार, त्यामुळे सकाळी कुठल्या फळीखाली काय पडलंय यावरून कोणाचं काय चाललंय ते बऱ्यापैकी कळतं. चांगल्या कबुतराची विष्ठा घट्ट गोळीसारखी असते, तपकिरी किंवा हिरवट, वर पांढरी टोपी आणि बऱ्याचदा शेजारी एखादं बारीक पीस चिकटलेलं. चांदणी नावाची आमची एक गिरेबाज मादी आहे, तिच्या जागेखाली त्या दिवशी स्वच्छ पाण्याचं थारोळं होतं आणि त्यात मधे एक बारीक हिरवी दोरी. म्हणजे जुलाब असतो तसं सगळं एकजीव पातळ नव्हतं, पाणी वेगळं आणि विष्ठा वेगळी. हा फरक महत्त्वाचा आहे हे मला नंतर डॉक्टर मॅडमनी सांगितलं, पातळ विष्ठा म्हणजे बहुतेक आतड्याचं दुखणं, आणि पाण्यात तरंगणारी विष्ठा म्हणजे पाखरू पाणी खूप पितंय, लघवी खूप होतेय, मूत्रपिंडाकडे काहीतरी बिघडलंय. नराला पिल्लं भरवायची असतील किंवा पाखरू घाबरलं असेल तरी एखाद वेळ पाणी पडतं, पण ते एकदा-दोनदा. चांदणीचं दुसऱ्या दिवशीही तेच. आणि ती सारखी पाण्याच्या भांड्यावर.

मग दाणा. ती दाण्यावर सगळ्यांच्या बरोबर उतरली, भूक होती, चोच मारत होती, पण चोच दाण्याच्या शेजारी पडत होती. बाजरीवर नेम धरायचा आणि टोचायची लादी. एखादा दाणा उचललाच तर मान झटकून मागे फेकायची. लांबून बघणाऱ्याला वाटेल काय छान खातेय, पण गळ्याखालची दाण्याची पिशवी संध्याकाळी हाताने चाचपली तर रिकामी. छातीचं मधलं हाड बोटाला लागायला लागलं होतं. पिसं इतकी दाट असतात की नुसतं बघून बारीक झालेलं कळतच नाही, हातात घेऊनच कळतं, म्हणून दर आठवड्याला प्रत्येक पाखरू हातात आलंच पाहिजे.

त्यानंतर डोकं किंचित थरथरायला लागलं. आणि एका सकाळी तिची मान पूर्ण वळलेली, चोच वर आभाळाकडे आणि डोक्याचा माथा खाली, गोल गोल फिरत मागे पडत होती. ज्याने हे पहिल्यांदा बघितलंय त्याला माहितीये पोटात काय होतं ते.

मी पहिला फोन वस्तादांना केला. नाना पेठेतले जुने खेळाडू, आयुष्य पाखरांत गेलेलं, मला उडवायला त्यांनीच शिकवलं. ते म्हणाले, "मानमोडी आहे बाळा, लकवा. ठेवू नकोस ते पाखरू, सगळी ढाबळ घालवशील." जुन्या लोकांची हीच पद्धत होती आणि त्यामागे अनुभव आहे, त्यांनी एका पावसाळ्यात अख्ख्या ढाबळी रिकाम्या झालेल्या बघितल्यात. आजार पसरणारा आहे हे त्यांचं शंभर टक्के खरं होतं. पण पाखरू मारलंच पाहिजे हे मला पटलं नाही. वेगळं काढणं आणि मारणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चांदणीला वेगळं काढून मी पक्ष्यांच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो, बरोबर ताज्या विष्ठेचं सॅम्पल स्वच्छ डबीत.

मॅडमनी आधी मला थांबवलं, म्हणाल्या मान वाकडी झाली की लोक लगेच एकच नाव घेतात, पण मान वळायला कारणं पाच-सहा आहेत. डोक्याला मार लागला असेल, पतंगाच्या मांजाला किंवा तारेला आपटून. साल्मोनेला जिवाणू मेंदूत किंवा कानात गेला असेल, त्यात बऱ्याचदा पंखाच्या सांध्याला गाठ येते किंवा एक पाय उचलून धरलेला असतो. बी-वन व्हिटॅमिन कमी पडलं तरी मान मागे जाते. रंगाचे पोपडे वगैरे खाऊन शिसं पोटात गेलं तरी. त्यांनी पंखांचे सांधे एकेक दाबून बघितले, तोंड उघडून घशात टॉर्च मारला, विष्ठा मायक्रोस्कोपखाली बघितली, जंताची अंडी आणि कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले सूक्ष्म परजीवी, किती आहेत ते मोजलं. मग पाण्याचं थारोळं, नेम चुकणं, थरथर आणि मग मान, हा क्रम ऐकून म्हणाल्या बहुधा पॅरामिक्सोच आहे.

कोंबड्यांना जो राणीखेत होतो त्याच कुळातला हा विषाणू. राणीखेत हे नाव उत्तराखंडातल्या गावावरून, आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला १९२६ मध्ये तो आढळला म्हणून बाहेर त्याला न्यूकॅसल म्हणतात. कबुतरांतला प्रकार मात्र नंतरचा, १९७० च्या दशकाच्या शेवटी मध्यपूर्वेत दिसला आणि १९८१ मध्ये युरोपात पोचला, तिथून स्पर्धेच्या आणि विकत घेतलेल्या पाखरांबरोबर सगळीकडे. आपल्याकडे कोंबडीवाले ज्याला मानमोडी म्हणतात तेच नाव ढाबळवाल्यांनीही उचललं.

औषध काय, तर विषाणू मारणारं औषध नाही. हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं आणि मला ते फार बरं वाटलं, कारण तोपर्यंत मेडिकलमधून अमकी अँटिबायोटिक आण, चतकोर तुकडा घशात टाक असं सांगणारे चार जण भेटले होते. विषाणूवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, सोबत दुसरं जिवाणूचं इन्फेक्शन असेल तरच ती द्यायची आणि तीही वजनावर डोस काढून, साडेतीनशे ग्रॅमच्या जिवाला माणसाची गोळी अंदाजाने तोडून द्यायची नाही. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या तर अजिबात नाही, मूत्रपिंड आधीच आजाराने धरलेलं असतं. करायचं काय तर पाखराला पाणी आणि दाणा पोटात जाईल असं बघायचं, शांत ठेवायचं, आणि वाट बघायची. किती? मॅडम म्हणाल्या दीड ते तीन महिने धरून चाला. बहुतेक पाखरं आजाराने नाही मरत, उपाशी मरतात, कारण नेम लागत नाही आणि मालकाला वाटतं खातंय की.

आता मुख्य काम. टेरेसच्या खाली, सगळ्यात वरच्या मजल्यावर अडगळीची खोली आहे तिथे पिंजरा मांडला. पिंजऱ्यात दांडी ठेवली नाही, पडलं तर आणखी लागतं. तळाला रबरी मॅट, कारण कागदावर पाय घसरतात. जुना टॉवेल गुंडाळून गोल चुंबळ केली आणि तिला त्यात बसवलं, छातीला आधार मिळाला की मान कमी फिरते. तीन बाजूंनी कापड टाकलं. या आजारात घाबरलं की झटका वाढतो, दार आपटलं, कुकरची शिट्टी झाली, कोणी पटकन हात घातला की मान लगेच उलटी. त्यामुळे खोलीत हळू जायचं, आधी आवाज द्यायचा, एकाच माणसाने पकडायचं. मी घरी नसताना आई करायची, आणि खरं सांगायचं तर तिच्या हातात चांदणी जास्त शांत राहायची.

दाणा भरवायला सुके हिरवे वाटाणे रात्री भिजवायचे, सकाळी पाणी काढून कोमट पाण्यात जरा वेळ ठेवायचे, गार द्यायचे नाहीत. पाखरू टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून मांडीवर, छाती दाबायची नाही कारण कबुतराला श्वास घ्यायला छाती हलावी लागते, आवळलं तर गुदमरतं. डाव्या हाताने डोकं मागून धरायचं, चोचीच्या कडेला नख लावून हलकेच उघडायची आणि वाटाणा जिभेच्या मागे ठेवून चोच मिटू द्यायची, ते आपोआप गिळतं. जोर लावायचा नाही, चोचीला इजा होते. एका वेळी तीस-चाळीस वाटाणे, सकाळ-संध्याकाळ, आणि पुढचं भरवायच्या आधी गळ्याखालची पिशवी चाचपून बघायची की आधीचं खाली उतरलंय ना. पिशवी तशीच भरलेली, पाणी भरल्यासारखी लिबलिबीत आणि तोंडाला आंबूस वास येत असेल तर भरवायचं नाही, आधी डॉक्टरला दाखवायचं, भरलेल्यावर भरवलं की सडतं.

पाण्याचं एक सांगतो. कबुतर चिमणीसारखं घोट घेऊन मान वर करत नाही, ते चोच बुडवून सरळ ओढून घेतं. म्हणून सिरिंजने घशात पाणी सोडायची गरज नसते, उलट ते श्वासनळीत जायची भीती. खोल वाटीत कोमट पाणी घ्यायचं आणि चोच नाकाच्या खालपर्यंत हलकेच बुडवायची, ते स्वतः पितं. नाकपुड्या बुडू द्यायच्या नाहीत. पाणी खूप पितंय, घाण ओली होतेय म्हणून काही जण भांडं काढून ठेवतात, असं कधीही करू नका, शरीरातून पाणी निघून जातंय म्हणून ते पितंय. मॅडमनी काही दिवस इलेक्ट्रोलाइट पाण्यात द्यायला सांगितलं होतं ते दिलं.

रोज सकाळी भरवायच्या आधी वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असतो तसा एक वेगळा घेतला, त्यावर डबा ठेवून त्यात चांदणी, आणि आकडा वहीत. वजन हा एकच आकडा खरं बोलतो. पिसं फुगवून बसलेली असताना ती बरी दिसायची आणि काटा खाली आलेला असायचा, तर कधी मान पार उलटी पण वजन टिकलेलं, तेव्हा धीर यायचा. नंतर मी पसरट थाळीऐवजी खोल वाडग्यात चार बोटं भरून दाणे ठेवायला लागलो, कुठेही चोच मारली तरी दाणाच लागणार, आणि तिथून ती स्वतःचं स्वतः खायला लागली. थोडंच, पण स्वतः.

इकडे वर ढाबळीत बाकीची पाखरं. विषाणू विष्ठेतून, चोचीतल्या लाळेतून, पाण्याच्या भांड्यातून पसरतो, आपल्या चपलेला चिकटून पण जातो. आमच्याकडे नेमका कुठून आला ते छातीठोक सांगता येणार नाही, नवीन पाखरू बऱ्याच महिन्यांत आणलं नव्हतं, पण टेरेसवर पारवे येतातच, टाकीच्या गळतीचं पाणी पितात, आणि त्या पावसात शेजारच्या गल्लीतही पारवे मान वाकडी होऊन पडलेले लोकांनी बघितले होते. मी क्रम ठरवून घेतला, आधी निरोगी पाखरांचं दाणापाणी, मग शेवटी आजारी, आणि आजाऱ्यांचं करून परत वर जायचं नाही. वरच्या चपला वेगळ्या, खालच्या वेगळ्या. पाण्याची भांडी रोज घासून ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवून, मग धुऊन उन्हात, आणि ऊन नसेल तर कोरडी पुसून. उडवणं पूर्ण बंद, कारण आपलं पाखरू दुसऱ्याच्या ढाबळीत उतरलं तर आपण त्याच्या घरात आजार पाठवला. आजूबाजूच्या ढाबळवाल्यांना मी स्वतः फोन करून सांगितलं. काहींना राग आला, पण सांगणं भाग होतं.

लस. कबुतरांसाठी म्हणून बनवलेली लस इथे सहज मिळत नाही, कोंबड्यांची राणीखेतची वापरतात, आणि त्यात दोन जाती. एक जिवंत लस, लासोटा, डोळ्यात-नाकात थेंब टाकायचा, स्वस्त, पण कबुतरांत तिचा आधार कमी दिवस टिकतो. दुसरी मारलेल्या विषाणूची, कातडीखाली इंजेक्शन, ती जास्त भरवशाची. मॅडमनी दुसरी निवडली. इंजेक्शन त्यांनीच दिलं आणि का ते सांगितलं, कबुतराच्या मानेच्या कातडीखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, डोक्याजवळ सुई गेली तर आत रक्तस्राव होऊन पाखरू हातातच जाऊ शकतं, म्हणून मानेच्या अगदी खाली, पाठीला लागून, सुई शेपटीकडे धरून. तेलातली लस असेल तर तिथे कधी कधी बारीक गाठ राहते. लसीची बाटली शेकड्याने डोसची येते, एका ढाबळीला परवडत नाही, म्हणून आम्ही चार-पाच ढाबळवाल्यांनी मिळून घेतली, बर्फाच्या थर्मासमधून आणली. मारलेली लस फ्रीजरमध्ये ठेवायची नाही, गोठली की वाया. वस्तादांनीही त्यांची पाखरं आणली, काही न बोलता रांगेत उभे राहिले.

पण आजार चालू असताना लस दिली म्हणजे लगेच सुटलो असं नाही. अंगात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि ज्यांच्या अंगात विषाणू आधीच शिरलाय ती पाखरं लस घेऊनही पडतात. आमची आणखी काही पडली. त्यातली दोन गेली, दोन्ही त्या सालची कोवळी पिल्लं. एक गेलं तेव्हा मॅडमच्या सांगण्यावरून ते औंधला सरकारी रोग अन्वेषण विभागात नेलं. मेलेलं पाखरू तपासायला न्यायचं असेल तर लगेच पिशवीत घालून बर्फावर ठेवायचं, गोठवायचं नाही, गोठवलं तर आतले अवयव बघण्यासारखे राहत नाहीत. मूत्रपिंडं सुजून फिकट पडलेली होती आणि रिपोर्टमध्ये पॅरामिक्सोच आलं. जोडीला कॉक्सिडियाही बरेच होते, म्हणजे त्या पिल्लाला दोन्ही बाजूंनी मार बसला होता. मग बाकीच्या पिल्लांना कॉक्सिडियाचं औषध पाण्यातून दिलं आणि जमिनीवरचा ओलावा कमी करायच्या मागे लागलो. पावसाळ्यात खरा शत्रू ओल आहे. कॉक्सिडियाला ओल लागते, मक्याला बुरशी ओलीने लागते, आणि बुरशी लागलेला मका यकृत खातो. मका हातात घेऊन वास घ्या, कुबट आला किंवा कोंबाच्या टोकाला काळं-हिरवं दिसलं तर पोतं परत करा. मी पावसाळ्यात मका जवळजवळ बंदच करतो, ज्वारी, बाजरी, करडई आणि थोडी मटकी-मसूर, तेही ऊन पडलं की वाळवून.

रोज प्रत्येक पाखराचं तोंड उघडून बघायची सवय त्या दिवसांत लागली, आणि त्यातूनच एका होमरच्या पिल्लाच्या घशात कँकर सापडला. घशात कडेला पिवळट थर, तोंडाला घाण वास, पिल्लू दाणा मागतंय पण गिळत नाही. हा ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म जीव, बऱ्याच धडधाकट मोठ्या कबुतरांच्या घशात तो असतोच, त्यांना त्रास नसतो, पण आई-बाप पिल्लाला गळ्यातलं दूध भरवतात त्यातून तो पिल्लाकडे जातो. म्हणून नुसत्या पिल्लाला औषध देऊन भागत नाही, जोडीलाही द्यायचं. मेट्रोनिडाझोल देतात, डोस डॉक्टरकडून. तो पिवळा थर काडीने खरवडून काढायचा मोह होतो, काढू नका, खाली रक्तवाहिनी असेल तर रक्त थांबत नाही. हे लवकर दिसलं तर बरं होतं आणि उशिरा दिसलं तर नाही, इतकं सरळ आहे.

गणपतीच्या सुमारास देवीचे फोडही दिसले, एका पाखराच्या चोचीच्या मुळाशी आणि डोळ्याच्या कडेला खपल्या. हा आजार डासांमुळे पसरतो, खपली उपटायची नाही, डोळा मिटला असेल तर सलाईनने पुसायचा, तीन-चार आठवड्यांत आपोआप गळते. ढाबळीला डासांची बारीक जाळी लावली तेव्हापासून नाही.

आणि ती चपटी तपकिरी माशी, पिसांच्या आत खेकड्यासारखी आडवी पळते, ती नुसती चावत नाही, रक्तातला मलेरियासारखा परजीवी एका पाखरातून दुसऱ्यात नेते. घरट्यातल्या काड्यांत तिचे काळे दाण्यांसारखे कोष असतात. पिल्लं उतरली की घरटं तसंच ठेवू नका, सगळं काढून टाका, फट न फट घासा. जंताच्या औषधाबद्दल एकच, माणसांना-गुरांना सर्रास देतात ते अल्बेंडाझोल आणि गुरांना देतात ते फेनबेंडाझोल कबुतराला देऊ नका, विशेषतः पिसं झडून नवीन येत असताना, पिसं वेडीवाकडी येतात आणि रक्त तयार करणारी मज्जा मार खाते. पाखरं त्याने मेलेली मी दुसऱ्याच्या ढाबळीत बघितलीत.

त्याच दिवसांत मुंबईत दादरच्या कबुतरखान्याचं प्रकरण कोर्टात गाजत होतं, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर रोज त्याचेच मेसेज, आणि वर आमच्याकडे आजारी पाखरं. शेजारच्या काकूंनी विचारलंच, की हे आम्हाला होईल का. मी त्यांना जे खरं ते सांगितलं. हा विषाणू माणसाला सहसा गंभीर काही करत नाही, हाताळणाऱ्याचे डोळे लाल होऊ शकतात, माझे झाले होते, चार-पाच दिवसांत गेले. पण कबुतराच्या पिसांची आणि सुक्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसं कायमची खराब होऊ शकतात हे खरं आहे, ती अॅलर्जी आहे आणि पाळणाऱ्यालाच सगळ्यात जास्त होते. शिवाय सिटॅकोसिससारखे ताप पाखरांकडून माणसाला येतात. म्हणून सुकी घाण झाडूने झाडायची नाही, आधी पाणी शिंपडायचं, मग खरडायचं, तोंडाला एन-९५, आणि घाण पिशवीत बंद करून, टेरेसवरून खाली ढकलायची नाही. कपडे वेगळे. घरात दम्याचा पेशंट असेल तर पाळूच नका, हे मी पाखरांवर जीव असूनही सांगतोय. काकूंना मी ढाबळ दाखवायला वर नेलं, त्यानंतर तक्रार आली नाही. बाहेर पारव्यांना रस्त्यावर पोती ओतणं आणि ढाबळीत मोजकी पाखरं औषधपाण्यासकट सांभाळणं या दोन गोष्टी लोक एकच समजतात, त्याचं वाईट वाटतं, पण आपली ढाबळ स्वच्छ असेल तरच ते बोलायचा आपल्याला हक्क आहे.

चांदणीचं म्हणाल तर सुधारणा सरळ रेषेत नव्हती. आठवडाभर मान सरळ, वाटलं झालं, आणि मग एक दिवस जोरात गडगडलं की पुन्हा उलटी. आधी विष्ठा बांधली गेली, पाण्याचं प्रमाण कमी झालं, मग थरथर गेली, नेम सगळ्यात शेवटी आला. दसऱ्यानंतर ती बाजरीचा एकेक दाणा न चुकता टिपत होती, आणि त्या दिवशी आईने वाटाणे भिजवायचे बंद केले. लक्षणं गेल्यावरही मी तिला लगेच वर नेलं नाही, बरं झालेलं पाखरू काही आठवडे विषाणू टाकत राहतं. वर नेली तेव्हा आधी वेगळ्या खणात. आता ती थव्याबरोबर उडते, कोलांट्याही घेते, फक्त खूप दचकली की डोकं एका बाजूला कलतं, ते बहुतेक आयुष्यभर राहील. हिवाळ्यात तिने अंडी घातली, सतरा-अठरा दिवसांनी दोन्ही फुटली, पिल्लं नीट आहेत.

आता आमचं वेळापत्रक असं. मे महिन्यात, पावसाच्या आधी, सगळ्यांना लस, त्या सालच्या पिल्लांना तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस. चार-पाच जणांनी मिळून बाटली आणायची हे आता ठरूनच गेलंय, तारखा वस्ताद धरतात. मे महिन्यातच विष्ठेचं सॅम्पल मॅडमकडे, नर-मादी जोडीला लावायच्या आधी एकदा पुन्हा, आणि जंत निघाले तरच औषध. नवीन पाखरू आलं किंवा बाहेरून कुठलं उतरलं तर महिनाभर खालच्या खोलीत, त्याचं दाणापाणी सगळ्यात शेवटी. त्या खोलीतल्या कपाटात एक डबा आहे, त्यात इलेक्ट्रोलाइट, सलाईन, टॉर्च, हातमोजे, काटा, स्वच्छ डब्या, वही आणि मॅडमचा व वस्तादांचा नंबर लिहिलेला कागद, अँटिबायोटिक मी घरात ठेवतच नाही.